कर्ज, बढती, मुलांचं शिक्षण... यापलीकडे जगायचं कशासाठी?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय इथे मांडतोय. थोडं लांबेल.

मी मानपाड्याला राहतो, नोकरी ऐरोलीला. घर, मुलं, आईबाबांची औषधं, सगळं रीतसर चालू आहे. तक्रार काही नाही. पण पंचेचाळिशीच्या आसपासच्या मित्रांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. आम्ही ज्याला 'पुढचं' म्हणतो ते सगळं संपणाऱ्या गोष्टींचं आहे. कर्ज फिटेल. मुलीची बारावी होईल. बढती मिळेल. गोष्ट पुरी होईपर्यंत तिचं ओझं वाटतं आणि पुरी झाली की ती उरतच नाही. मग लगेच दुसरी.

ॲरिस्टॉटलनं 'मेटाफिजिक्स'मध्ये क्रियांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही क्रिया शेवटाकडे चाललेल्या असतात. घर बांधणं ही तशी क्रिया. बांधून होईपर्यंत घर नसतं, आणि घर उभं राहिलं की बांधणं थांबतं. वजन कमी करणं हेही त्याचंच उदाहरण. दुसऱ्या क्रिया करत असतानाच पूर्ण असतात. पाहणं, विचार करणं, चांगलं जगणं. आपण पाहतोय म्हणजे पाहिलेलंही असतं, आणि तरी पाहणं पुढे चालूच राहू शकतं. हे वाचल्यापासून माझा अख्खा आठवडा मला पहिल्याच रकान्यात दिसायला लागला.

रविवारी येऊरला चालायला जातो. फार आवडतं. पावसाळ्यानंतरचं ते जंगल पाहताना दुसरं काही नको वाटतं. पण तेवढ्यानं आयुष्याला दिशा आहे असं म्हणवत नाही. काही दिशा असणं, हातून काही घडणं आणि डोळे उघडे ठेवून विचारानं जगणं, ही तिन्ही एका माणसात एकत्र कशी येतात? ज्यांना थोडंफार जमलं आहे त्यांनी लिहावं. 'आवड शोधा' एवढंच कृपया सांगू नका. आवडी भरपूर आहेत. त्यातलं काय धरायचं, हे कशावरून ठरवायचं?

---

कोलशेत

वाचतेय. उत्तर नाही माझ्याकडे, पण 'पुरी झाली की उरतच नाही' हे अगदी आतपर्यंत पोचलं.

---

नौपाडेकर

तलावपाळी, चांगला विषय काढलात. मी वागळे इस्टेटमध्ये पंचवीसेक वर्षं काम केलं, कंपनी बंद पडली, तेव्हापासून दुपारचा बराचसा वेळ मराठी ग्रंथ संग्रहालयात जातो. १८९३ सालची संस्था आहे, ठाण्यात राहून तिथे न गेलेले बरेच जण भेटतात म्हणून मुद्दाम सांगतो.

तुमच्या प्रश्नावर मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. माणूस गणिती. १९४६ ते १९६२ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायला पुण्याला, जाणं-येणं डेक्कन क्वीननं. म्हणजे आपल्यासारखाच रोज गाडी पकडणारा माणूस. त्यांना संख्याशास्त्राच्या पद्धती एखाद्या खऱ्या प्रश्नावर लावून पाहायच्या होत्या, म्हणून त्यांनी आहत नाणी घेतली. प्राचीन काळची ती ठसे मारलेली चांदीची नाणी. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. तेव्हा पुरेशी नाणी काळजीपूर्वक तोलली तर कुठली किती काळ वापरात होती याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी हजारो नाणी तोलली.

मग प्रश्न आला, ही पाडली कोणी? त्यासाठी जुने संस्कृत ग्रंथ वाचणं आलं. ते करता करता भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती झाली, १९४८ मध्ये. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर चालताना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचली. आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा तो ग्रंथ आला, ज्याच्यानंतर इतिहास लिहिण्याची तऱ्हाच बदलली.

आता यातला कुठला टप्पा त्यांनी आधी ठरवला होता? कुठलाच नाही. एक लहानसा प्रश्न घट्ट धरला आणि त्यानं पुढची दारं दाखवली. तुम्ही दिशा आधी मागताय. माझ्या मते प्रश्न आधी लागतो, आणि तो लहान असला तरी चालतो. येऊरला इतकी वर्षं जाताय, तिथला एक तरी प्रश्न तुम्हाला घरी आल्यावर छळतो का?

---

तलावपाळी

काका, नाही छळत. हे लिहितानाच लक्षात येतंय. मी तिथे विसावायला जातो. विचारायला कधी गेलोच नाही.

---

अबोली

नौपाडेकर काका, कोसंबींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. अशी उदाहरणं वाचली की मला नेहमी एकच प्रश्न पडतो. त्या मोकळ्या तासांसाठी घरात कोणाचे तास जात असतील? ॲरिस्टॉटलच्या अथेन्समध्ये नागरिकांना विचाराला फुरसत होती, कारण घरकाम गुलाम आणि बायका करत होत्या. त्यानं गुलामगिरीचं समर्थनही करून ठेवलं आहे. विचारपूर्ण जगण्याच्या चर्चेत हे पहिल्याच पानावर यायला हवं.

माझा दिवस सांगते. नेरूळला राहते, वाशीला बँकेत आहे. सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. गोळीची वेळ टळली की शरीर आखडतं, कूससुद्धा बदलता येत नाही. पहाटेची गोळी, मुलाचा डबा, लोकल, काउंटर, परत, पुन्हा गोळी. हे सगळं मी मनापासून करते. उद्देशाची मला कमी नाही. माझ्या एकेका मिनिटावर कोणाचा ना कोणाचा उद्देश लिहिलेला आहे. मला कमी आहे ती ज्याच्यावर कोणाचाच हक्क नाही अशा वेळेची.

त्यामुळे 'उद्देश शोधणं' हा प्रश्न मला माझा वाटत नाही. आणि माझ्यासारख्या बायका या शहरात कमी नाहीत.

---

तलावपाळी

अबोली ताई, तुम्ही म्हणताय ते मान्य. माझ्या मांडणीत ही बाजू नव्हती. एक विचारू? सासूबाईंना गोळी देणं, त्यांना उठवून बसवणं, हे मला दुसऱ्या प्रकारचं वाटतं. करत असतानाच पूर्ण. तुम्हाला तसं वाटतं का?

---

अबोली

कधी कधी वाटतं. गोळी लागू पडली, हात सैल झाले आणि त्या माझ्याकडे पाहून हसल्या की वाटतं. पण ते रोजचं नसतं, आणि त्या हसण्याच्या आधारावर बाकीचं सगळं गोड करून घेणं मला मान्य नाही. सेवेचं कौतुक फार झालं आहे आपल्याकडे. कौतुक करणारा सहसा रात्री उठत नाही.

---

खाजण

पहिल्यांदाच लिहितोय या मंचावर. चर्चा वाचून राहवलं नाही.

मी आगरी, बेलापूर पट्टीतला. सिडको १९७० मध्ये आली, नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, त्यातलं एक आमचं गाव. तुम्ही ज्या पाम बीच रोडनं जाता त्याच्या दोन्ही अंगांना आमची खाजणं आणि मिठागरं होती. खाजण म्हणजे खाडीची भरती मातीच्या बांधानं अडवून केलेली भातशेती. बांधाला उघाडी असते, पावसाचं गोडं पाणी सोडायला आणि खारं पाणी बाहेर ठेवायला. उधाणाला बांध फुटला की सगळं शेत खारं. म्हणून हाक आली की रात्र असो की पाऊस, अख्खा गाव पाट्या आणि फावडी घेऊन धावायचा. जगायचं कशासाठी, हा प्रश्न माझ्या आजोबांना पडलेला मी कधी ऐकला नाही. बांध होता ना.

मग जमीन गेली. १९८४ चं आंदोलन झालं, त्यात पाच जण गेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कुणाकडे पैसा आला, कुणाकडे तोही टिकला नाही. माझ्या पिढीला हा प्रश्न पहिल्यांदा पडला. दारात गाडी आणि सकाळी उठून करायचं काय ते माहीत नाही, अशी कितीतरी मुलं मी पाहिली. तलावपाळी, तुम्ही जे मांडलंत ते आमच्या गावात फार जोरात येऊन आदळलं आहे, फक्त त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हटलं नाही.

आता माझं. माझ्या आजीची बहीण धवलारीण होती. आमच्यात लग्न धवलारीण लावते, गाण्यातून. मांडव, हळद, एकेका विधीचा वेगळा धवला. पोथी नाही, सगळं तोंडपाठ, आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे आलेलं. पुढे पुढे लग्नं हॉलमध्ये गेली, हळदीला डीजे आला. तिला बोलावणं कमी झालं. एकदा मी तिच्याजवळ बसलो होतो, ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, 'आता कोन गानार?'

मी पुरुष. धवलारीण होऊ शकत नाही. गळाही नाही. मी कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं काम बघतो. पण ते वाक्य ऐकून मला उठता येईना. दुसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ती गेली. तिच्यानंतर तिच्या ओळखीच्या बायका, मग उरण, पनवेलकडच्या. आता लिहून काढतोय. एकच धवला दोन गावांत वेगळा का, कुठल्या गावात कुठला विधी गळाला, कुठल्या गाण्यात बंदर येतं आणि कुठल्यात शेत येतं, हे मला दिसायला लागलंय. ज्या समाजात मी वाढलो तो मला आता कुठे कळतोय.

सांगायचं हे की मी काहीच निवडलं नाही. आवड म्हणाल तर मला लग्नातली गाणी कधी आवडत नव्हती. एका गोष्टीनं माझ्यावर हक्क सांगितला आणि त्या क्षणी मी तिथे होतो. तुम्ही विचारता काय धरायचं. माझा अनुभव असा की आपल्याला काय धरतंय ते पाहावं. त्यासाठी कोणाच्या तरी जवळ पुरेसा वेळ बसावं लागतं, एवढंच.

---

कोलशेत

खाजण दादा, खूप मोठं काम करताय. लिहीत राहा.

---

ठिपका

मी कळव्याची, चित्रं काढते. शिकतेय अजून. मला 'हातून काही घडणं' या भागाबद्दल लिहायचं आहे, कारण सध्या माझ्या वर्गात सगळ्यांना तोच प्रश्न सतावतोय. यंत्राला चार शब्द सांगितले की ते क्षणात चित्र देतं, आणि ते चांगलं असतं. मग आम्ही हात का झिजवायचे?

मी खाडीकाठचं तिवर काढत होते. मला वाटायचं झाड म्हणजे झाड. पण काढायला बसलं की प्रत्येक रेषेला उत्तर द्यावं लागतं. चिखलातून हे बोटभर खुंट वर का आलेत? वाचलं तेव्हा कळलं, ती तिवराची मुळं आहेत. चिखलात हवा नसते म्हणून श्वास घ्यायला वर येतात. पानांवर पांढरे कण दिसले, मला धूळ वाटली. ते मीठ होतं. तिवर जादाचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. पारसिकच्या बोगद्याकडे जाणाऱ्या गाडीतून मी लहानपणापासून ही झाडं पाहत आले आहे. पाहिली मात्र काढताना.

यंत्राचं चित्र आणि माझं चित्र शेजारी ठेवलं तर लोक कदाचित त्याचंच घेतील. तलावपाळी काका, तुम्ही सांगितलेला तो भेद मला इथे फार उपयोगी पडला. चित्र हा शेवट असेल तर यंत्र जिंकलं. काढणं म्हणजे पाहणं असेल, तर ते माझ्याऐवजी दुसरं कोणी करूच शकत नाही. हे मी घरी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, पोट कसं भरणार. त्याचं उत्तर मला अजून शोधायचं आहे. पण दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढं तरी आता स्पष्ट आहे.

---

नौपाडेकर

ठिपका, आईचा प्रश्नही तितकाच खरा आहे बरं. कोसंबींना गणितानं पोसलं, नाण्यांनी नाही. दोन्ही एकाच कामातून मिळायला हवं हा हट्ट सोडला तर पुष्कळ मोकळं वाटतं. आमच्या कंपनीत एक फिटर होता, पाळी संपली की भजनी मंडळात पखवाज. त्याला कोणी विचारलं नाही यातलं तुझं खरं काम कुठलं.

---

अबोली

खाजण दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. मला एक अडतं आहे ते सांगते, राग मानू नका.

तुमच्यावर हक्क सांगितला गेला आणि त्यातून तुम्ही वाढलात. जास्त ऐकू यायला लागलं, समाज कळायला लागला. माझ्यावरही हक्कच सांगितला गेला आहे, आणि मी त्यात झिजते आहे. दोन्ही हाका माणसांच्याच. दोन्हींना आपण हो म्हटलं. मग फरक कुठे पडला? 'आपल्याला काय धरतंय ते पाहावं' हे वाक्य एखाद्या सुनेला ऐकवलं तर ती म्हणेल, धरलंय की मला, सोडत नाहीये.

---

तलावपाळी

मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. माझा पहिला अंदाज असा होता की फरक स्वेच्छेचा असावा. खाजण यांनी स्वतःहून हो म्हटलं, सुनेला पर्याय नसतो. पण ते पुरेसं वाटत नाही. खाजण स्वतःच सांगतायत की त्यांनी निवडलं नाही. आणि मी कर्ज स्वेच्छेनं घेतलं होतं, तरी त्यात वाढलो असं काही नाही.

दुसरा विचार असा की काही कामांत आपण शिकत जातो, काहींत तेच ते. पण दुखणाइताजवळ शिकण्यासारखं काहीच नसतं असं म्हणणंही बरोबर नाही. म्हणून थांबतो. खाजण, तुम्ही सांगा.

---

खाजण

अबोली ताई, राग कसला. मी दोन दिवस यावर विचार करत होतो.

बांधाचं मी लिहिलं ते अर्धंच लिहिलं. बांध एकट्याचा कधी नव्हता. ज्याच्या शेतासमोर फुटला तो एकटाच माती टाकत बसला असता तर एका उधाणात मोडून गेला असता, शेतही आणि माणूसही. हाक गावाला असायची. म्हणून तिच्यात दम होता, म्हणून म्हातारी माणसं आजही ते दिवस हसून सांगतात. तेच काम, तीच माती, तोच चिखल, पण एकट्यावर टाकलं असतं तर ती वेठबिगारी झाली असती.

माझ्या धवल्याचंही तसंच. मी रेकॉर्ड करतो, माझी बायको शब्द ओळखते, कारण कितीतरी जुने शब्द तिलाच कळतात. तिचा मामेभाऊ गावोगावच्या बायकांचा पत्ता काढून देतो. मी एकटा असतो तर केव्हाच सोडलं असतं.

तुमच्या घरी हाक एकीलाच जाते. मला वाटतं फरक तिथे आहे. तुमच्या सेवेत काही कमी नाही आणि तुमच्या मनातही काही कमी नाही. बाकीचे लोक बांधावर आलेले नाहीत.

---

अबोली

हे वाचून बराच वेळ काही लिहवेना.

हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं पूर्ण वाचला, मग आधीचेही वाचले. पहाटेची गोळी आणि रविवारची सकाळ यावर आमचं बोलणं सुरू झालं आहे. अजून ठरलं काही नाही. त्याची बाजूही आहे, त्याची ड्युटी फिरती असते. पण इतकी वर्षं आम्ही याबद्दल 'कोण जास्त दमतं' एवढंच बोलत होतो. काल पहिल्यांदा काम कोणाचं आहे यावर बोललो.

मोकळा वेळ मिळाला तर काय करणार, असं त्यानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही आणि मी ते द्यायला बांधीलही नाही असं सांगितलं. तो वेळ आधी माझा तर होऊ दे.

---

ठिपका

अबोली ताई, शेवटचा परिच्छेद मी वहीत लिहून ठेवते आहे.

---

नौपाडेकर

फार चांगली चर्चा झाली. खाजण, तुमच्या कामासाठी एक गोष्ट. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा, महानुभाव पंथातली, तेराव्या शतकातली. तिची प्रसिद्ध रचना म्हणजे 'धवळे', कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरची लग्नगीतं. म्हणजे तुमच्या आजीची बहीण जे गात होती त्या जातीच्या गाण्याला मराठीत सातशे वर्षांहून जुनी सोबत आहे. तुम्ही जमवलेल्या धवल्यांशी त्याची रचना ताडून पाहण्यासारखी आहे. छापील प्रत ग्रंथालयात पाहून ठेवतो, ठाण्याला आलात की एकत्र बसू. मलाही यातलं फारसं कळत नाही, पण दुपारी मी मोकळा असतो आणि माझं अक्षर चांगलं आहे. लिहून काढायचं काम द्या.

---

तलावपाळी

काका, मलाही धरा त्यात. टंकलेखन मी करू शकतो, रात्री तासभर सहज निघतो. आणि खाजण, तुमच्या रेकॉर्डिंगच्या प्रती दुसरीकडे कुठे ठेवल्या आहेत का? फोन बिघडला तर सगळं जाईल. ते आधी करू या, या आठवड्यातच. मी ऐरोलीला असतो, तुम्ही कळंबोलीला. मध्ये कुठेही भेटता येईल.

---

खाजण

काका, महदंबेचं मला माहीत नव्हतं. नक्की येतो. तलावपाळी, प्रती फक्त फोनमध्ये आणि बायकोच्या फोनमध्ये आहेत. शनिवारी भेटू, बेलापूर स्टेशनला सोयीचं पडेल.

बाकी सगळ्यांना एक विनंती. उरण, पनवेल, पेण, अलिबाग किंवा ठाण्याकडच्या कोणा आगरी घरात अजून धवला गाणारी बाई असेल, किंवा जिनं लहानपणी ऐकलाय आणि दोन ओळी आठवतात अशी कोणी असेल, तर मला निरोप पाठवा. अर्धवट आठवत असेल तरी चालेल. दोन बायकांना समोरासमोर बसवलं की एकीला विसरलेलं दुसरीला आठवतं, हे बऱ्याचदा झालंय. हळदीच्या आदल्या रात्रीचे धवले माझ्याकडे सगळ्यात कमी आहेत, ते मिळाले तर फार बरं होईल. गावाचं नाव, बाईचं माहेर कुठलं आणि तिनं ते कोणाकडून शिकलं, एवढं आधी कळवा. माहेर महत्त्वाचं आहे, कारण गाणी माहेरावरून आलेली असतात.